मधल्या खडपाची भागी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते कोणी मोजून ठेवलेलं नाही. माडवेळ गावात तेव्हा आजच्या निम्मे माड होते आणि माणसं तर त्याहूनही थोडी. गावापुढे समुद्र, आणि त्या समुद्रात ओहोटीला डोकं वर काढणारे काळे खडक. या खडकांना माडवेळेत खडपं म्हणतात. खडपांच्या कपारींत शेवंडी राहायच्या, आणि गावातल्या चुली पेटायच्या त्या या शेवंडींच्याच जिवावर.

परगावच्या माणसाला शेवंड म्हणजे शेवंड. ताटात येते तेव्हा लालभडक असते, एवढंच त्याला ठाऊक. पण टोपात घातल्यावर सगळ्याच लाल होतात हो. टोपात जाण्याआधी त्या कोण होत्या, ते माडवेळेच्या माणसाला विचारावं.

खडपातली शेवंड हिरवट रंगाची. पाठीवर काटेच काटे, डोळ्यांवर दोन शिंगं, आणि अंगाहून लांब मिशा. तिला धरलं की ती मिशा मुळाशी घासते आणि नव्या वहाणेसारखी करकरते. खाडीच्या तोंडाशी चिखलात राहणारी शेवंड राखाडी, शेपटीवर बारीक पांढरे पट्टे. तिला एकटेपणाचं वावडं. एक सापडली की तिच्या जावा-नणंदा आसपास असायच्याच. वाघी शेवंड सगळ्यांत मोठी, पायांवर वाघासारखे पट्टे, राहायची खोल कपारीत, एकटी आणि तिरसट. आणि चौथी चपटी. ती या तिघींची सख्खी नव्हे, चुलत बहीण. तिला मिशाच नाहीत. मिशांच्या जागी दोन रुंद पाती, अंग पोळपाटासारखं सपाट, धड शिंग नाही की काटा नाही. ती वाळूत अंग पुरून डोळे तेवढे बाहेर ठेवते. आणि कशीही धरा, आवाज म्हणून करत नाही.

हे सगळं ज्यांच्या घरात तोंडपाठ होतं, त्या घरची बाई म्हणजे आनशी. तिचा नवरा लवकर वारला आणि मधलं खडप तिच्या वाट्याला आलं. आनशी होडीत बसायची, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायची आणि दांड्याला कान लावायची. खाली कोण करकरतंय, किती जणी आहेत, भुकेल्या आहेत की भांडताहेत, ते तिला वर ऐकू यायचं. असं म्हणतात, की एकदा तिने नुसत्या कानाने ओळखून सांगितलं होतं, की आज खाली पाहुणी आली आहे. आणि खरंच त्या दिवशी जाळ्यात चिखलातली एक शेवंड निघाली, खडपावर वाट चुकून आलेली.

या आनशीला एक मुलगी. नाव भागी. भागी दिसायला गोड, कामाला चपळ, पण तिला वाचा नव्हती. ऐकू सगळं यायचं, तोंडून मात्र शब्द फुटायचा नाही. आनशीने काय केलं नाही? जिभेला वेखंड लावलं, मध चाटवला, या देवाला कौल लावला, त्या देवाला नवस बोलली. कुणी सांगितलं, पोपटाने खाल्लेला पेरू द्या. तिने पोपटामागे लागून तोही मिळवला. पोर पेरू आवडीने खायची आणि आईकडे बघून हसायची, बस्स.

मग एका ओहोटीला आनशी भागीला घेऊन वाळूत गेली. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. आनशीने वाळूत हात घालून एक चपटी शेवंड वर काढली आणि भागीच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली. भागीला सवय होती खडपातल्या शेवंडींची, त्या करकरणार, शेपट्या आपटणार. ही गप्प बसली. आपल्या बारक्या डोळ्यांनी भागीकडे बघत राहिली. भागीही बघत राहिली. आनशीने दोघींची चांगली ओळख होऊ दिली. मग म्हणाली,

"हिका कोण मुकी म्हणता? हिका बोलूचां नाय, इतक्यांच."

आणि मग आनशी वाळूतच बसली आणि पोटभर रडली. त्या दिवसापासून तिने भागीच्या जिभेला वेखंड लावलं नाही.

त्यानंतर मायलेकींनी आपली हातांची भाषा केली. दोन बोटं वर ताणून हलवली की खडपातली शेवंड. पाची बोटं एकत्र वळवळवली की चिखलातली घोळक्याने आलीय. बोटं वाकवून पंजा केला की वाघी. तळवा सपाट खाली धरला की चपटी. पुढे पुढे त्या दोघी हातांनी इतकं बोलू लागल्या, की शेजारच्या बाया वैतागायच्या. या दोघी आपल्याबद्दलच काहीतरी बोलताहेत, असं प्रत्येकीला वाटायचं, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं.

एकदा वादळात सापडलेलं एक परदेशी गलबत माडवेळेच्या आडोशाला थांबलं. त्यातला एक तांबड्या दाढीचा खलाशी किनाऱ्यावर आला, त्याने जाळ्यातली शेवंड बघितली आणि मान हलवली. मग काठीने वाळूत चित्र काढून दाखवलं, की आमच्याकडच्या थंड समुद्रात शेवंड अशी असते. चित्रातल्या शेवंडीला खेकड्यासारख्या दोन भल्यामोठ्या नांग्या. गाव पोट धरून हसलं. शेवंडीला कुठे नांग्या असतात? "अरे, ह्यो खेकडो रे!" असं म्हणून माणसं त्याच्या पाठीवर थापा मारू लागली. खलाशी हिरमुसला. एकट्या भागीने त्याच्यावर विश्वास ठेवला. तिने दोन्ही हातांच्या मुठी करून त्यांची चिमट्यासारखी उघडझाप केली, म्हणजे त्या न पाहिलेल्या शेवंडीलाही तिने एक खूण देऊन टाकली. खलाशाचा चेहरा असा उजळला, की गलबत हलेपर्यंत तो तीच खूण करत डेकवर उभा होता.

आता मुख्य गोष्ट सांगायची, तर आधी माडवेळेचं गाऱ्हाणं समजून घ्यायला हवं.

नारळी पौर्णिमेला सारा गाव उंडीच्या झाडाखालच्या खडपनाथापुढे जमायचा. पौर्णिमेचा नारळ समुद्रात पडेपर्यंत खडपांवर पाय ठेवायला मनाई, कारण पावसाळ्यातला समुद्र देवाचा, माणसाचा नव्हे. त्या दिवशी गावकार, म्हणजे गावाचा वडीलधारा मानकरी, देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्या गावाचं मागणं, घालायचा. मग एकेका खडपाचं नाव घ्यायचा, आणि ते खडप ज्यांचं असेल त्यांनी मोठ्याने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" म्हणजे आम्ही आहोत, जिवंत आहोत, यंदाही खडप राखू. उत्तर आलं नाही, तर त्या घराण्यातला दुसरा कुणी व्हय म्हणेल त्याचं खडप. नियम वाईट नव्हता. समुद्रावर जगणाऱ्या गावात दर वर्षी कुणी ना कुणी जायचंच, मग खडप बेवारस राहू नये म्हणून केलेला. पण नियम करणाऱ्यांना भागी ठाऊक नव्हती.

आनशी दर वर्षी असं खणखणीत व्हय म्हणायची, की उंडीवरचे कावळे उडायचे. बाईमाणसाने व्हय म्हणावं का, अशी पहिल्या वर्षी कुजबुज झाली होती. तिचा आवाज ऐकून ती कुजबुज जागच्या जागी विरली.

आनशीचा एक दीर होता, बुधाजी. माणूस वाईट नव्हता, पण घरात खाणारी तोंडं खूप आणि त्याच्या वाट्याचं खडप वाळूने भरून आलेलं. त्याचा डोळा मधल्या खडपावर होता. एका वर्षी गाऱ्हाणं झाल्यावर तो आनशीला म्हणाला,

"वैनी, रागावू नको. पण तुझ्या मागसून ह्यां चेडू व्हय कसां म्हणतलां? खडप उघड्यार टाकूचां काय?"

"मी आसंय तवसर मी म्हणतंय," आनशी म्हणाली. "मागचां मागसून."

तोंडाने ती असं म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. खडप गेलं तर भागी काय खाणार? काकाच्या दारात उष्टी भांडी घासत राहणार? 

आणि व्हायचं ते झालंच. पावसाळ्यात, जेठ महिना सरत होता तेव्हा, आनशीला ताप भरला. भागीने काढे उकळले, पाय चेपले, रात्रंदिवस उशाशी बसली. शेवटी आनशीने तिचा हात धरला आणि विचारलं, "माझ्या मागसून तुझ्यासाठी व्हय कोण म्हणतलो गो?"

 भागीने आपला सपाट तळवा आईच्या छातीवर ठेवला आणि तो तिथेच ठेवला, आनशीचा श्वास थांबल्यावरही. मग शेजारणींनी तो हळूच उचलून घेतला.

आई गेल्यावर भागी रोज सकाळी किनाऱ्यावरच्या दगडावर बसायची. खडपावर जायचं नव्हतं, नारळ पडायचा होता. ती आईचं वल्हं पाण्यात सोडायची आणि दांड्याला कान लावायची. शेवंडी धरण्यासाठी नव्हे. घरात आता काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून.

आषाढी अमावास्येची ओहोटी फार मोठी असते. त्या सकाळी समुद्र पार मागे गेला होता, मधलं खडप उघडं पडलं होतं. भरती नुकती वळत होती तेव्हा भागीने पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन वल्ह्याला कान लावला आणि ती दचकली. खालून एका वाघी शेवंडीची करकर येत होती, पण ही नेहमीची नव्हे. ही सारखी, न थांबता, कुणीतरी तिला धरून ठेवल्यासारखी. आणि तिच्यामागे धप, धप, असा खडकावर काहीतरी आपटल्याचा आवाज.

भागी दगडांवरून धावत सुटली. जाऊन बघते तर खडपावर बुधाजी पालथा पडलेला, उजवा हात खांद्यापर्यंत कपारीत, डाव्या हाताने दगड घेऊन खडकावर आपटत होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. लाटांच्या आवाजात त्याचं ओरडणं दहा पावलांवरही जात नव्हतं. आणि भरतीचं पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं.

त्याने नारळ पडायच्या आधी चोरून खडपावर पाय ठेवला होता, आणि तेही भावजयीच्या खडपावर. म्हणे कपारी किती भरल्यात ते बघून ठेवावं. बघता बघता वाघी दिसली आणि मोह झाला.

"भागी गो, हात अडाकलो!" तो म्हणाला. "सुटना नाय!"

काय झालं होतं, ते भागीला एका नजरेत कळलं. वाघी शेवंडीला समोरून ओढलं की ती पाय रोवते, पाठ वर ताणते आणि कपारीच्या छताला अंग दाबून बसते. ओढाल तितकी घट्ट. बुधाजीचं मनगट तिच्या काटेरी पाठीच्या आणि खडकाच्या मधे सापडलं होतं. त्याने हात ओढावा, तिने अंग आणखी ताणावं. मनगटातून रक्त वाहत होतं. शेवंडीला पुढे आणायची तर मागून शेपटीला हात लावावा लागतो, हे बुधाजीलाही ठाऊक होतं. पण त्या कपारीला मागून दुसरं तोंड आहे, हे फक्त आनशीला ठाऊक होतं, आणि भागीला.

भागी क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली. असं म्हणतात, की तेवढ्यात बुधाजीच्या डोळ्यांपुढून आयुष्य सरकलं, कारण या मुलीने मागे फिरून घरी जायचं ठरवलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. गावाने उलट म्हटलं असतं, की देवाने चोराला धरलं.

भागी वळली ती खडपाच्या पलीकडच्या बाजूला. ती पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. एक लाट आली, दुसरी आली. कपारीत भागीने हात घातला आणि वाघीच्या शेपटीवर नुसती बोटं फिरवली, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर फिरवावीत तशी. वाघी शांत झाली. तिने ताणलेली पाठ खाली केली आणि पाय उचलत पुढे चालू लागली. बुधाजीचा हात सुटला. वाघी कपारीच्या तोंडाशी आली, बुधाजीला तिने एकदा नीट बघून घेतलं, आणि शेपटीचा फटका मारून उलट्या पावली खोल पाण्यात गेली.

भागीने काकाला खांदा देऊन किनाऱ्यावर आणलं. आपल्या पदराचा काठ फाडून त्याच्या मनगटाला बांधला.  थोडा श्वास आल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला,

"कोणाक सांगू नको हां."

आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. भागीच्याही आलं. भागी हसली. तोंड उघडून, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, जराही आवाज न करता. बुधाजीने आपल्या पुतणीला हसताना कधी पाहिलंच नव्हतं. तो तिच्याकडे बघत बसला, आणि त्याचेही डोळे भरून आले. ही गोष्ट पुढे बुधाजीनेच सांगितली, नाहीतर आपल्याला कशी कळणार? पण ती त्याने सांगितली म्हातारपणी, नातवंडं मांडीवर घेऊन. 

मग पौर्णिमा आली. उंडीच्या झाडाखाली गाव जमला. बाया नव्या लुगड्यांत, पोरं नारळाकडे डोळे लावून. भागी आईचं वल्हं घेऊन एका बाजूला उभी होती. बुधाजी हाताला फडकं गुंडाळून आला होता. कुणी विचारलं तर म्हणे, कोयत्याने कापलं.

म्हातारा गावकार देवापुढे उभा राहिला आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा खडपनाथा, दर्याच्या राजा! ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. जो दर्यात जायत तेका सुखरूप परत हाड, जो घराक रवात तेका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सारा गाव म्हणाला.

मग खडपांची नावं सुरू झाली. उत्तरेचं खडप, व्हय म्हाराजा. शिंपल्याचं खडप, व्हय म्हाराजा. एकेक आवाज येत गेला आणि जो तो आपापल्या आवाजाने आपलं नशीब पक्कं करत गेला.

"मधलां खडप!" गावकार म्हणाला. "कोण आसा?"

सगळ्यांच्या माना आधी भागीकडे वळल्या, मग बुधाजीकडे. भागी दोन पावलं पुढे झाली. तिने वल्हं उभं धरलं आणि तोंड उघडलं. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या लांबूनही दिसत होत्या. पण तोंडातून काही आलं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आनशी असती तर, असं प्रत्येकीच्या मनात आलं.

आता बुधाजीने नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. त्याच्या बायकोने कोपराने ढोसलं.

"म्हणा की. गप कित्याक रवल्यात?"

बुधाजीने मनगटावरच्या फडक्याकडे बघितलं. भागीच्या पदराचा काठ होता तो, घरी सोडायचा त्याला धीर झाला नव्हता. त्याने भागीकडे बघितलं. भागी त्याच्याकडे बघत नव्हती. तिने त्याच्याकडून काहीच मागितलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. बुधाजीने ओठ घट्ट मिटले, दात आवळले, आणि खाली बसला.

बायकोने पुन्हा ढोसलं, तर त्याने तिचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. घरातली इतकी तोंडं, वाळूने भरलेलं खडप, सगळं त्याला दिसत होतं. तरी तो उठला नाही.

मग गावात कुणालाच काय करावं ते कळेना. व्हय आलं नाही, दुसरा कुणी म्हणाला नाही, असं कधी झालंच नव्हतं. गावकार थांबला. ढोलवाला टिपरी हातात धरून थांबला. एक लहान पोर काही विचारायला निघालं, तर आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं त्या झाडाखाली गाव जमत होता, पण त्या झाडाखाली इतकी शांतता कधी झाली नव्हती.

आणि त्या शांततेत ऐकू आलं.

आधी कुणाला वाटलं वारा. मग कुणाला वाटलं दूर कुणी नव्या वहाणा घालून चालतंय. मग आवाज वाढला. मधल्या खडपातून येत होता तो, पाण्याखालून, कपारी-कपारीतून. खडपातल्या शेवंडी करकरत होत्या, एक नव्हे, दहा नव्हे, होत्या तितक्या सगळ्या. त्यात वाघीचा जाड आवाज वेगळा कळत होता. असं म्हणतात, की खाडीच्या तोंडाशी असणाऱ्या चिखलातल्या शेवंडीही आपल्या जावा-नणंदांना घेऊन त्या आवाजात सामील झाल्या. सारं खडप करकरलं आणि तो आवाज वाळूवरून चालत उंडीच्या मुळांपर्यंत आला, लोकांना तो तळपायांना लागला.

आणि ज्यांना आवाजच नव्हता, त्यांनी काय केलं? त्या आल्या. पाण्याच्या कडेला ओली वाळू हलू लागली, आणि तिथून चपट्या शेवंडी वर आल्या, एकीला लागून एक. लाटेच्या रेघेवर त्या बसून राहिल्या, आपले बारीक डोळे वर करून, गाऱ्हाण्याला आलेल्या बायांसारख्या.

भागीने वल्हं खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे सपाट धरले. तिला त्या क्षणी आईची फार फार आठवण आली. मग बुधाजी उठला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, पडली तर धरायला.

गावकार म्हातारा होता, त्याने पुष्कळ पाहिलं होतं, पण असं काही पाहिलं नव्हतं. तरी गावकारकी ती गावकारकी. निर्णय द्यायला हवा होता. त्याने घसा खाकरला आणि समुद्राकडे तोंड केलं.

"जाब इलो," तो म्हणाला. "खंयसून इलो, कसो इलो, ता माका इचारू नकात. पोचलां."

आणि नारळ पाण्यात पडला.

भागी पुढे खूप वर्षं जगली. मधलं खडप तिने राखलं, आणि ओहोटीला बुधाजीला आणि त्याच्या पोरांना हाताला धरून कपारींची मागची तोंडं दाखवली, तेव्हा त्या घरातलीही चूल नीट पेटू लागली. अंड्यांनी भरलेली शेवंड ती पोटाकडून बघायची आणि परत कपारीत सोडायची, आणि तिचं बघून गावही सोडू लागला. तिची हातांची भाषा मुलांनी उचलली, मुलांकडून मोठ्यांनी. म्हातारी होऊन ती आपल्या घरात, आपल्या चटईवर गेली. असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी तिच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत वाळूवर रुंद, सपाट माग उमटलेले होते. कुणाचे, ते माडवेळेच्या लहान पोरालाही सांगावं लागलं नाही.

आजही माडवेळेच्या होड्या खोल पाण्यात एकमेकींपासून लांब असल्या, की माणसं ओरडत नाहीत. या होडीतून दोन बोटं वर होतात, त्या होडीतून सपाट तळवा येतो, आणि आज कुठे काय सापडतंय ते सगळ्यांना कळतं. कुणी फारच फुशारकी मारू लागला, तर बाकीचे दोन मुठींची उघडझाप करून दाखवतात. ती त्या तांबड्या दाढीवाल्याची शेवंड. माडवेळेत ती अजून कुणी पाहिलेली नाही.

आणि मधलं खडप आता कुणा एका घराचं नाही. ज्याच्यासाठी बोलायला कुणी नाही, त्याला त्या वर्षी तिथे जाळं टाकू देतात. पौर्णिमेला उंडीखाली सगळ्यांची नावं घेऊन झाली की गावकार शेवटी ते नाव घेतो. "भागीचां खडप! कोण आसा?" तेव्हा कुणी व्हय म्हणत नाही. ढोल थांबतो. गावात ज्यांना बोलता येत नाही, ती माणसं पुढे येऊन उभी राहतात. अंगावरून वारं जाऊन जीभ लुळी पडलेला एखादा म्हातारा असतो. घरात नवी आलेली, अजून आवाज न फुटलेली एखादी सून असते. एखादी आई असते, उशिरापर्यंत न बोललेलं पोर कडेवर घेऊन. आणि सारा गाव गप्प उभा राहतो, पोरंबाळंसुद्धा, लाट येऊन परत जाईपर्यंत.

खडप करकरतं का, असं पाहुणे विचारतात. कुणी हो म्हणतं, कुणी नुसतं हसतं. गावकार कुणालाच विचारत नाही. तो त्या आईच्या कडेवरच्या पोराकडे बघतो, समुद्राकडे तोंड करतो आणि म्हणतो, "पोचलां."